आज कंट्रोलर बोलले नाहीत

"रघू, उद्या पहाटे तेवढं तोंड आवर बाबा."

तात्या वेळापुरे आमच्या उंबऱ्यात उभे होते. काखेत पाहुण्यांसाठी मागून आणलेली सतरंजी, एक हात चौकटीला. समोरच्याच घरातला माणूस, अण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त, दिवसातून दहादा न विचारता आत येऊन बसणारा. पण त्या संध्याकाळी काही केल्या आत येईनात.

अण्णा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "म्हणजे काय?"

"म्हणजे... आमच्या रोहिणीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच मुक्कामाला येतायत. उद्या साखरपुडा. उठल्या उठल्या त्यांच्या कानावर मसणवटा नको रे. शुभ दिवस आहे."

"मी काय रोज मसणवटा म्हणतो?"

"रोज नाही. पाणी येतं त्या दिवशी," तात्या म्हणाले.

हे त्यांनी इतकं हळुवार म्हटलं की मला तिथंच हसू फुटलं. जन्मभर बायकांच्या हातात बांगड्या भरलेला कासार! हात कितीही जाड असो, 'झालं, झालं हं माय' म्हणत बांगडी कधी मनगटात गेली ते बाईला कळायचं नाही. अण्णांना मात्र ही बांगडी चांगलीच टोचली. ते तात्यांकडं न बघता म्हणाले, "बरं. उद्या रघुनाथ माळवदेच्या तोंडातून ब्र निघणार नाही. जा तू, पाहुण्यांचं बघ."

तात्या गेले. आणि अण्णा माझ्याकडं वळले. "कुंदे, माझी पिशवी भर. उद्या जेवणं झाली की तुझ्याबरोबर ठाण्याला येतो."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

खरं सांगायचं तर साखरपुडा हे निमित्त होतं. मी हिवरखिंडीला आले होते ती अण्णांना न्यायला. आई जाऊन वर्ष झालेलं. अण्णा थंडीत एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते, आणि ते मला कळलं चार दिवसांनी, तेही पत्रातून, 'बाकी सर्व क्षेम' च्या आधीच्या ओळीत. मी एकुलती एक. ठाण्यात रात्री दूध तापवताना सुद्धा मनात यायचं, आत्ता ते पडले असतील तर? दर खेपेला मी म्हणायची, चला. दर खेपेला ते काहीतरी काढायचे. चातुर्मास आहे, कौलं शाकारायची आहेत, शेजारची गाय व्यायची आहे. शेजारची गाय! आणि हा माणूस उभा जन्म त्या गावाला शिव्या देत आलेला.

त्या शिव्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अण्णा एसटी स्टँडावर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पुकारायचं काम. माइक बंद पडला तरी त्यांचं अडायचं नाही, आवाज पार उसाच्या गुऱ्हाळापर्यंत जायचा. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आमची कासार आळी उतारावरची. आमचं आणि तात्यांचं घर समोरासमोर, अगदी तळाला, त्यामुळं नळाला पाणी आधी आमच्याकडं यायचं, मग हळूहळू वर चढायचं. उन्हाळ्यात ते एक दिवसाआड, आणि पहाटे कधी ते दस्तगीरच्या मर्जीवर. दस्तगीर म्हणजे नगरपालिकेचा पाणी सोडणारा. आळीच्या वरच्या तोंडाला खड्ड्यात व्हॉल्व्ह, तो फिरवून विडी ओढत बसायचा. इकडं आमच्या नळाला ठसका लागला की अण्णा बनियनवर बाहेर येऊन गर्जायचे:

"आली रे आली, भवानी आली! अरे मुडद्यांनो, ही काय पाणी सोडायची वेळ आहे? माणसं राहतात इथं का घुबडं? गाव आहे का मसणवटा!"

अक्षरही इकडचं तिकडं नाही. लहानपणी मला वाटायचं ही कुठली तरी भूपाळीच आहे.

तात्यांचं उलटं. त्यांच्या मते हिवरखिंडीसारखं गाव पृथ्वीच्या पाठीवर नाही. अण्णांच्या मते ते बरंच आहे, असली दोन गावं पृथ्वीला झेपली नसती. दोघं रोज संध्याकाळी पायरीवर बसून हे भांडण करायचे.

"इथं रात्री दार उघडं ठेवून झोपता येतं," तात्या म्हणायचे.

"चोरांनाही गावात यायला कंटाळा येतो, म्हणून."

"इथं माणूस गेला तर खांदा द्यायला माणसं शोधावी लागत नाहीत, रघू."

"मरायला गाव उत्तमच आहे. जगायचं काय ते बोल."

तात्या हसायचे, सुपारी मागायचे. राग कधी आलाच नाही त्यांना. आणि अपशब्द? तात्यांच्या तोंडून मी 'गाढव' सुद्धा ऐकलेलं नाही. गाढवाला सुद्धा ते 'अहो' म्हणतील की काय, असं आई म्हणायची. म्हणूनच त्या संध्याकाळचं अण्णांना एवढं लागलं. सगळ्या जगानं तोंड आवर म्हटलं असतं तर त्यांनी जगालाच दोन ऐकवल्या असत्या. पण सदा वेळापुरेनं म्हणावं!

मी मात्र खुशीत पिशवी भरली. चार धोतरं, बनियन, आईचा छोटा फोटो, अडकित्ता. तोंडाला दोरी आवळून गाठ मारली. ते बघत बसले होते.

"तुझ्याकडं पाणी केव्हा येतं?" त्यांनी विचारलं.

"चोवीस तास, अण्णा. नळ सोडला की पाणी."

"चोवीस तास?" ते जरा विचारात पडले. "मग माणसं उठतात कशानं?"

"गजर लावतात की," मी म्हटलं आणि दिवा मालवला.

त्या रात्री पाहुणे आळीभर वाटून दिले होते. आमच्याकडं तशीच रीत. कार्य एका घरचं, पाहुणे सगळ्या आळीचे. आमच्या वाट्याला नवऱ्यामुलाचे आजोबा आले होते, सांगलीचे, पांढऱ्या मिशांचे, भारी गप्पिष्ट. पुढच्या खोलीत अंथरुणावर बसल्या बसल्या म्हणाले, "काय शांत गाव आहे हो तुमचं! स्वर्ग!" अण्णांनी तोंड उघडलं, तात्यांचा शब्द आठवला असावा, आणि नुसतं "झोपा" म्हणाले.

पहाटे नळ ठसकला तेव्हा मी जागीच होते. अण्णा उठले. चोरासारखे चवड्यांवर बाहेर गेले, आणि काय केलं असेल? नळाच्या तोटीला फडकं बांधलं! धार हंड्यात पडली तर आवाज होईल, म्हणून. मी दारात उभी राहून बघतेय, हा माणूस अंधारात ओठ घट्ट मिटून पाणी भरतोय. प्रत्येक घागरीला त्यांचा गळा वरखाली होत होता. शिवी अगदी ओठापर्यंत येत असणार, ती गिळायची म्हणजे सोपं काम नाही.

"अण्णा, बाकीचे उठले नाहीत वाटतं," मी कुजबुजले.

"उठतील. रोज आपापले उठतातच की. मी तोंड फिरवायच्या आत सगळ्यांच्या घागरी आपापल्या नळाखाली असतात." आणि मग पुटपुटले, "कुणाला माझी गरज आहे?"

दोन हंडे, एक घागर भरून झाली. तिसऱ्या हंड्यावर धार बारीक झाली आणि थांबली. "गेलं लवकर आज," ते म्हणाले. आणि आम्ही आत आलो.

उजाडलं, कावळे ओरडले, आणि आमच्या दारावर कुणीतरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं.

"कंट्रोलर! ओ कंट्रोलर! अवो दार उघडा!"

मी कडी काढली. हौसाकाकू. वरच्या अंगाच्या घरातल्या. केस मोकळे, पदर कसाबसा. मला बाजूला सारून त्या आत घुसल्या. अण्णा चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. काकूंनी त्यांना वरून खाली पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"हायसा का जित्ते!" म्हणाल्या, आणि चक्क रडायलाच लागल्या.

"काय झालं हौसा?"

"काय झालं म्हणून वर तोंड करून इचारताय! आज बोलला न्हाईसा! मी म्हणलं झालं, थंडीत पडल्यालं तसं पुन्यांदा पडलं. ह्या येळंला उठलंच न्हाईत."

तोवर दारात गर्दी. शिंप्याच्या घरचे, कोपऱ्यावरचा सायकलवाला, दोघी चौघी बायका. सगळ्यांचं एकच. कंट्रोलर बरे आहेत ना? आज बोलले नाहीत. कंट्रोलर आज बोलले नाहीत! अण्णांनी बशी खाली ठेवली. सांगलीचे आजोबा अंथरुणात उठून बसले, त्यांना वाटलं घरात काही अघटित घडलं.

आणि मग गर्दीतून तात्या आले. अनवाणी. अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच. अण्णांना धडधाकट बसलेलं पाहिलं आणि त्यांनी दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले.

"मी तुला काल बोललो," ते म्हणाले. "आणि आज आवाज नाही. मला वाटलं रघू..."

"अरे, तूच म्हणालास ना तोंड आवर म्हणून?" अण्णा कावले, पण आवाजात जोर नव्हता. "आणि तुम्ही सगळे इथं काय करताय? पाणी भरलंत का?"

हौसाकाकूंनी डोळे पुसले. "कशाचं पानी? तुमी बोललाच न्हाईत, तर आमी उठणार कसं? म्हैस तुमच्या आवाजावर उठती आमची!"

तेव्हा कुठं अण्णांच्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचं सोडलं तर आळीत एका घरी पाण्याचा थेंब नाही. घरोघरी पाहुणे, त्यांच्या आंघोळी, आणि तात्यांच्या परसात पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडून बसलेल्या बायका. एवढा वेळ हे कुणाच्या ध्यानात नव्हतं असं नाही. पण आधी सगळे आमच्या दारात आले होते.

अण्णा उठले. सदरा चढवला. "कुंदे, चपला दे. त्या दस्तगीराला बघतो. सोडलं पाणी आणि मध्येच बंद करतो म्हणजे काय!"

मी मागं, तात्या अर्ध्या साबणानिशी त्यांच्या मागं, अशी आमची वरात वरच्या तोंडाला पोचली. दस्तगीर व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी उकिडवा बसला होता, कपाळाला हात लावून. अण्णांना पाहताच ताडकन उभा राहिला.

"या अल्ला! कंट्रोलर, तुम्ही चालत आला?"

"मग काय पालखीतून येऊ? पाणी मध्येच बंद का केलंस?"

"का म्हंजे? लाइन फुटली म्हणून की!" दस्तगीर म्हणाला. "मी सोडलं, विडी शिलगावली, वाट बघतोय. तुमचा आवाज न्हाई. म्हणलं पाणी खाली पोचलंच न्हाई, कुठं तरी फुटलंय. सगळी टाकी मातीत जाईल म्हणून बंद करून टाकलं. तवापासनं उतारानं हिंडतोय, कुठं फुटलंय ते शोधत."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे माझ्या आवाजावर तू..."

"आता आणि कशावर? तुम्ही बोललासा की मला कळतं, शेवटच्या घरला पोचलं. इतकी वर्सं तेच तर चाललंय."

"अरे, मी तुला मुडदा म्हणतो रे इतकी वर्षं!"

"म्हणा की!" दस्तगीर म्हणाला. "ज्या दिवशी म्हणला न्हाईसा, त्या दिवशी माझं काळीज तोंडात आलं."

टाकीत पाणी होतं, लवकर बंद केल्यामुळं. दस्तगीरनं चाक हातात धरलं. "सोडतो आत्ता. पर एक करा. खाली जावा आणि रोजच्यागत बोला. त्याबगर मी चाक पुरतं फिरवणार न्हाई."

आता झाली पंचाईत. आम्ही खाली आलो तोवर सगळी आळी आमच्या नळाशी. सांगलीचे झाडून सगळे पाहुणे, नवरामुलगा गळ्यात टॉवेल टाकून, त्याची आई, मावश्या. रोहिणी माडीच्या खिडकीत. लख्ख उजेडात, नव्या सोयऱ्यांच्या देखत अण्णा नळापाशी उभे राहिले आणि मी त्यांना जन्मात पहिल्यांदा लाजलेलं पाहिलं.

नळ ठसकला. खाकरला. पिवळं पाणी भसाभस आलं. अण्णा गप्प.

"बोला की!" हौसाकाकू ओरडल्या.

अण्णांनी तात्यांकडं पाहिलं. "सदा, शुभ दिवस आहे तुझा."

तात्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं गालाचा साबण पुसला. पुढं आले आणि अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. "बोल, रघू. मनसोक्त बोल. मसणवटा सुद्धा म्हण."

आणि अण्णा बोलले! काय बोलले! एसटी स्टँडावर दिवाळीच्या गर्दीत सुद्धा तो आवाज मी ऐकलेला नव्हता. "आली रे आली, भवानी आली! अरे मुडद्यांनो..." 'घुबडं' पर्यंत आले तेव्हा माडीवरची कबुतरं उडाली. 'गाव आहे का मसणवटा' ला तर आळीतल्या पोरीबाळी त्यांच्याबरोबरच ओरडल्या, सगळ्यांना पाठ होतं. वरच्या तोंडाहून दस्तगीरची हाळी आली, "पोचलं हो!" आणि धार अशी सुटली की हंडा भरता भरता हात दुखावा.

सांगलीचे आजोबा पोट धरून हसत होते. "अहो वेळापुरे," ते म्हणाले, "हे गृहस्थ कोण म्हणायचे तुमचे?"

तात्या हंडा धरून उभे होते. म्हणाले, "हा? गावाचं कौतुक करायला मी आहे हो. पण गाव उठवतो हा."

साखरपुडा झाला, पुरणपोळ्या झाल्या. पाहुण्यांनी अण्णांना आग्रह करकरून वाढलं. उन्हं कलली तशी माझी गाडीची वेळ झाली. मी बाहेर आले तर अण्णा पायरीवर बसलेले, शेजारी दोरी आवळलेली पिशवी. दिलेला शब्द मोडणाऱ्यातले ते नव्हतेच. चपला सुद्धा पायात होत्या.

तात्या समोरून आले. हातात फडक्यात बांधलेल्या पोळ्या. "गाडीत खायला," म्हणाले आणि त्या माझ्याकडं दिल्या. एवढा गोडबोल्या माणूस, पण राहा म्हणेना, जा म्हणेना. अण्णांच्या शेजारी पायरीवर बसला आणि सुपारीसाठी हात पुढं केला. अण्णांनी सवयीनं अडकित्ता शोधला. अडकित्ता पिशवीत.

दोघं तसेच बसून राहिले. मी पाहत होते. वर्षभर मी ज्याची वाट पाहिली तो क्षण माझ्यापुढं चपला घालून तयार बसला होता. मला रडू आलं, अगदी सरळ सांगते, फार आलं. ठाण्यात त्यांना काही म्हणजे काही कमी पडलं नसतं. फक्त पहाटे ते गप्प राहिले असते तर तिथं कुणाला कळलं नसतं.

मी खाली बसले आणि पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"हे काय करतेस? गाडी चुकेल," अण्णा म्हणाले.

"मी एकटीच जाते, अण्णा. दर महिन्याला येत जाईन." मी अडकित्ता काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरली आणि जोरात म्हणाले, "या गावात माणूस राहतो का, सांग बरं कुंदे तूच!"

"पृथ्वीच्या पाठीवर असं गाव नाही," तात्या म्हणाले आणि हात पुढं केला.

त्यानंतर अण्णा पुष्कळ वर्षं जगले. दर महिन्याला म्हटलं तरी दर महिन्याला काही जमलं नाही, पण मी जात राहिले. हौसाकाकूंची म्हैस बदलली, दस्तगीर नोकरीतून निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा खड्ड्याशेजारी बसायला लागला. अण्णा एका मार्गशीर्षात झोपेतच गेले. खांद्याला माणसं शोधावी लागली नाहीत. तात्या म्हणाले होते तसंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुढच्या खोलीत जागीच पडले होते. बाहेर नळ ठसकला. पुन्हा ठसकला. आळी गाढ झोपलेली, दमलेली. पाणी वाहायला लागलं. मला वाटलं उठावं, दारं वाजवावीत. दारापर्यंत गेलेही.

समोरचं दार उघडलं. तात्या बाहेर आले. डोक्याला मफलर, हातात काठी. पायरी उतरून नळापाशी उभे राहिले, घसा खाकरला आणि इकडं तिकडं पाहिलं.

"आली..." ते म्हणाले. काठी घट्ट धरली, पुन्हा खाकरले.

"आली रे आली, भवानी आली! अरे... अरे मुडद्यांनो, ही काय पाणी सोडायची वेळ आहे? माणसं राहतात इथं का घुबडं?"

तिथं थांबले. आदल्या दिवशीच आम्ही अण्णांना स्मशानात पोचवून आलो होतो. मला वाटलं, पुढचा शब्द त्यांना नाही पेलायचा. पण त्यांनी मान वर केली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले:

"गाव आहे का मसणवटा!"

एक कडी वाजली. मग दुसरी. वरच्या अंगाला दिवा लागला, घागरींचा आवाज यायला लागला. वरच्या तोंडाहून दस्तगीरच्या मुलाची हाळी आली, "पोचलं, तात्या!"

तात्या तोंडाला मफलर लावून रडत होते. मी आत गेले, हंडा आणला आणि नळाखाली लावला.